खालून येणारा चेंडू

एमेट वोंद्राचेकचा पहिला चेंडू मी पकडला तो कॉलेजच्या जिममध्ये, फेब्रुवारीत. बाहेर गुडघाभर बर्फ होता. ‘पकडला’ असं आपलं म्हणायचं. चेंडू येऊन माझ्या ग्लोव्हमध्ये बसला आणि मी मागच्या मागे जमिनीवर बसलो.

तो धावत आला. “लागलं का रे? सॉरी हं. फार जोरात गेला का?”

“छे,” मी म्हणालो. डाव्या हाताचा अंगठा बधिर झाला होता. “टाक परत.”

आमचे कोच हॅगेमन भिंतीला टेकून सँडविच खात उभे होते. त्यांचं तोंड हलायचं थांबलं.

विलो फोर्क हे छोटं कॉलेज. मोठ्या विद्यापीठांनी नाकारलेली पोरं आमच्याकडे यायची. एमेटला तर नाकारण्यापुरतंही कोणी पाहिलं नव्हतं. वीस मैलांवर त्याच्या वडिलांचा गोठा होता, चाळीस गाईंचा. शाळेच्या सामन्यांची वेळ आणि धारांची वेळ एकच, त्यामुळे शाळेकडून तो फारसा खेळलाच नव्हता. अंगाने उंच, खांदे जरा पुढे झुकलेले, आणि सभ्य इतका, की चेंडू भलतीकडे गेला तर समोरच्या बॅटरची माफी मागायचा. त्या पहिल्या वर्षी त्याला पुष्कळ माफी मागावी लागली. आपला चेंडू कुठे जाणार हे त्याचं त्यालाही माहीत नसायचं. एकदा तो माझ्या डोक्यावरून, जाळीवरून थेट पार्किंगमध्ये गेला आणि पाहुण्या संघाच्या बसची काच फोडून आत पडला. एमेट सामना सोडून ड्रायव्हरला सॉरी म्हणायला गेला.

“वोंद्राचेक!” कोच ओरडले. “तू पिचर आहेस की पाद्री? ये इकडे!”

मी ऑगस्ट रिहा. मला सगळे गस म्हणतात. कॉलेजच्या बेसबॉल संघात मी कॅचर होतो, म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसून पिचरचा चेंडू झेलणारा. पिचर आणि माझ्यामध्ये साठ फूट सहा इंच. बॅटरने तीन चेंडू चुकवले की तो बाद. मी चांगला कॅचर होतो, फार चांगला नव्हतो, आणि हे मला वेळीच कळलं होतं. म्हणूनच असेल, पण एमेटकडे काय आहे ते मला बाकीच्यांच्या आधी दिसलं. त्याचा चेंडू येताना आवाज करायचा. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. चार वर्षांत मी तीसएक पिचरांचे चेंडू झेलले असतील. तो आवाज दुसऱ्या कोणाच्या चेंडूला नव्हता.

दुसऱ्या वर्षी त्याचा नेम बसायला लागला. तिसऱ्या वर्षी वसंतात आमच्या मैदानाच्या जाळीमागे अनोळखी माणसं येऊन बसायला लागली. डोक्याला टोपी, हातात वेग मोजायचं यंत्र, चेहऱ्यावर काही नाही. व्यावसायिक संघांची ही माणसं. दर जूनमध्ये ते संघ कॉलेजच्या पोरांमधून निवड करतात. ज्या गावात भुईमुगाच्या शेंगा विकणारा म्हाताराही सामन्याला कंटाळून डुलक्या घ्यायचा, तिथे एका शनिवारी मी अकरा यंत्रं मोजली. एमेटने हात वर नेला की अकराही यंत्रं एकदम वर व्हायची. ताशी शहाण्णव मैल. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, “माझं यंत्र बिघडलंय बहुतेक.” शेजारी म्हणाला, “मग माझंही बिघडलंय.”

मेच्या शेवटच्या आठवड्यात विभागीय स्पर्धा होती. सहाव्या डावात त्याने एक चेंडू टाकला आणि तो माझ्या ग्लोव्हमध्ये नुसता येऊन पडला. आवाज नाही, जोर नाही. मी वर पाहिलं. एमेट आपल्या उजव्या हाताकडे बघत उभा होता, हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

मी धावत गेलो. “काय झालं?”

“बोटं दिसतायत, गस,” तो हळूच म्हणाला. “पण कळत नाहीयेत.”

कोपरातला स्नायुबंध तुटला होता. ओमाहाच्या सर्जनने मनगटाकडची एक कंडरा काढून ती कोपरात विणली आणि सांगितलं, वर्षभर चेंडूला हात लावायचा नाही. निवडीचे तीन दिवस एमेट, त्याचे वडील लेनर्डकाका आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून होतो. फोन दोनदा वाजला. एकदा पशुवैद्याचा, एकदा काकांच्या बहिणीचा. तिसऱ्या दिवशी काका उठले, टोपी घातली आणि म्हणाले, “गाईंना काही माहीत नाही त्यातलं. चल.” एमेट गळ्यात हात बांधलेला, तरी त्यांच्या मागोमाग गोठ्यात गेला.

पुढच्या वर्षी मी पदवी घेतली आणि गावच्या सहकारी धान्य-कोठारात नोकरीला लागलो. एमेटचं वर्ष दुखापतीत वाया गेलं म्हणून कॉलेजने त्याला आणखी एक हंगाम खेळायची मुभा दिली. सप्टेंबरात तो पुन्हा चेंडू टाकायला लागला. संध्याकाळी कामावरून सुटलो की मी जाऊन झेलायचो. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. यंत्रावरचा आकडा चौऱ्याऐंशीच्या वर सरकेना. सर्जन म्हणाला, कोपर उत्तम आहे. कोपर उत्तम होतं, पण ते जे होतं ते गेलं होतं. चेंडू यायचा तो कुठल्याही पोराच्या चेंडूसारखा यायचा.

कोच हॅगेमन वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला ऑफिसात बोलावून विचारलं, “माझ्या हाताखाली काम करशील? पोरांना शिकव. तुला डोकं आहे.”

“विचार करून सांगतो,” एमेट म्हणाला. बाहेर येऊन मला म्हणाला, “डोकं आहे म्हणाले. म्हणजे हात गेला.”

एमेट तेव्हा कॉलेजच्या खानावळीत भांडी धुवायचा, फीमध्ये तेवढी सूट मिळायची. खानावळ चालवायच्या बर्नाडीन सोबोत्का. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. वय त्रेसष्ट, ठेंगण्या, मनगटं सुतारासारखी, आणि तोंड असं की फुटबॉलची धिप्पाड पोरंसुद्धा ताट परत करताना “थँक्यू बाई” म्हणाल्याशिवाय हलायची नाहीत. त्यांच्या खसखशीच्या कोलाच्यांसाठी, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांसाठी, प्राध्यापक सकाळी सहाला रांगेत उभे राहायचे.

एके दुपारी भांडी घासता घासता एमेट काहीतरी बोलला असेल. मला नंतर त्यानेच सांगितलं. बाई म्हणाल्या, “मी दोन महिने खिडकीतून बघतेय तुला. तुझा हात वरून यायला नको म्हणतोय आणि तू त्याला ओढून आणतोयस. किती मारशील त्याला?”

“मग काय करू, बाई?”

“खालून टाक.”

“खालून?”

“कानात साबण गेलाय का? खालून. रविवारी तीन वाजता मागच्या दाराशी ये. त्या गसलाही आण, ग्लोव्ह घेऊन. आणि म्हणावं छातीला ते कवच बांधून ये.”

मी कवच बांधलं, ते त्यांचा मान ठेवायचा म्हणून. खानावळीच्या मागे, जिथे भाजीचे ट्रक लागतात, तिथे सिमेंटचा मोठा चौथरा आहे. बाईंनी एप्रन काढून खिळ्याला अडकवला. खिशातून सॉफ्टबॉलचा चेंडू काढला, आपल्या चेंडूहून मोठा, मळून पिवळा पडलेला. पावलांनी चाळीस फूट मोजून उभ्या राहिल्या, दोनदा खांदा फिरवला. मला वाटलं, जपून झेलायला हवं, बाईंना ओशाळं वाटायला नको.

त्यांचा हात मांडीजवळून गेला तेवढा मला दिसला. चेंडू माझ्या गुडघ्याच्या उंचीवर येत होता. मी ग्लोव्ह खाली धरला. आणि अगदी शेवटच्या क्षणी तो वर चढला. खरंच चढला. माझ्या ग्लोव्हवरून जाऊन छातीवर धाडकन बसला, आणि कवच होतं म्हणून मी आज हे सांगतोय.

बाई मनगट चोळत म्हणाल्या, “थंडी आहे. उन्हाळ्यात बरा जातो.”

त्या चेंडूमागची गोष्ट आम्हाला तुकड्यातुकड्यांत कळली. तरुणपणी बाई एका बियाणे कंपनीच्या बायकांच्या संघातून पिचर होत्या, आणि चार जिल्ह्यांत त्यांच्यासमोर बॅट घेऊन उभं राहायला बाया घाबरायच्या. एका उन्हाळ्यात पूर्वेकडे जाऊन पगारावरही खेळून आल्या. मग तो संघ बंद पडला, आई आजारी पडली, खानावळीत नोकरी मिळाली. “झालं,” त्या म्हणायच्या. चाळीस वर्षं कॉलेज त्यांच्या हातचं जेवत होतं आणि त्या हाताला दुसरं काय येतं हे गावात बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

त्या हिवाळ्यात बाईंनी एमेटला नव्याने चेंडू टाकायला शिकवलं. बेसबॉलमध्ये त्यांच्यासारखा हात फिरवून टाकत नाहीत, पण कमरेतून वाकून हात गुडघ्याखालून आणता येतो. फार थोडे टाकतात तसं, आणि लोक त्यांना जरा विचित्रच समजतात. पहिला महिना एमेटची बोटं जिमच्या लाकडी जमिनीला घासून सोलवटायची. बाई चिकटपट्टी लावायच्या आणि शिव्या घालायच्या. “वाक अजून! गाईची धार काढताना वाकतोस ना? मग इथे कसली लाज वाटते?” कोच हॅगेमन एकदा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “हा चेंडू टाकतोय की तळ्यात पडलेलं नाणं शोधतोय?”

“तुम्ही तुमचं सँडविच खा, हॅगेमन,” बाई मागे न बघता म्हणाल्या.

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी दुपारी तो चेंडू आला. मी पाहत होतो. एमेट खाली वाकला, हात जमिनीलगत गेला, आणि चेंडू जणू जमिनीतूनच उगवला. वेग ब्याऐंशी असेल नसेल. माझ्यापर्यंत येईस्तोवर तो वर चढत होता, आणि मग अचानक डावीकडे सरकून खाली बसला, पायरी उतरल्यासारखा. मी झेलला कसाबसा. पुन्हा टाक म्हणालो. पुन्हा तसाच. सोळा चेंडू. सतराव्याला मी ग्लोव्ह काढून ठेवला, कारण मला काहीतरी झालं होतं आणि ते त्या दोघांसमोर व्हायला नको होतं. शहाण्णव मैलांचा चेंडू मी पाहिला होता, पण तो देवाने त्याला दिला होता. हा त्याने स्वतः, भांडी धुवून झाल्यावर, सोललेल्या बोटांनी केला होता.

“आता दुसरा,” बाई म्हणाल्या. “चढणारा. त्याला वेळ लागेल.”

त्या वसंतात एमेटला पहिल्यांदा मैदानात पाहून समोरचा संघ मोठ्याने हसला. त्यांच्यातला एक जण बाकावर उभा राहून त्याची नक्कलही करायला लागला. पंधरा मिनिटांनी त्याचीच पाळी आली. तीन चेंडू आले, तिन्ही वेळा त्याची बॅट नुसती हवेत फिरली, शेवटच्याला तर तो गुडघ्यावर बसला. परत जाताना तो हसत नव्हता. हंगामभर लोक त्याचे चेंडू जमिनीवर मारत राहिले, धावत पहिला टप्पा गाठायच्या आत चेंडू तिथे पोचायचा, आणि ते बाद होत राहिले. जूनमध्ये मात्र निवडीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. ब्याऐंशी मैलांचा, वाकून टाकणारा, तेवीस वर्षांचा पोरगा कोणाला हवा होता?

मग त्याने जुनी पिकअप काढली आणि उत्तरेला डकोटात गेला. तिथे मोठ्या संघांशी संबंध नसलेली एक लीग होती, जिला कोणालाच नको असलेली मुलं जाऊन मिळायची. एका निवृत्त पोस्टमास्तरच्या तळघरात तो दोन उन्हाळे राहिला. दिवसा मैदानावर रेघा आखायचा, सामन्यात चेंडू टाकायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात एका मोठ्या संघाचा माणूस त्यांच्या शॉर्टस्टॉपला, म्हणजे एका क्षेत्ररक्षकाला, बघायला आला, त्याला बघून झालं, आणि तरीही तो जागचा हलला नाही. पुढच्या आठवड्यात एमेटच्या हातात करार होता.

करार म्हणजे मोठं मैदान नव्हे. मोठ्या संघाखाली लहान संघांची उतरंड असते, चार-पाच पायऱ्यांची, आणि एकेका पायरीवर माणसं म्हातारी होतात. चौदा-चौदा तासांचे बसप्रवास, पेट्रोलपंपावरचं जेवण, आणि ऑगस्टच्या एका सकाळी कोणीतरी दारावर टकटक करतं आणि शेजारच्या कॉटवरचा मुलगा सामान भरून घरी जातो. एमेट चार वर्षं त्या पायऱ्या चढत होता. रविवारी दुपारी फोन करायचा. आधी गाईंचं विचारायचा, मग बाईंचं, मग माझं.

तिसऱ्या वर्षी कॅरोलिनातून फोन आला, तेव्हा आवाज वेगळा होता.

“गस, काल मी वरून टाकला.”

“काय?”

“असाच. सरावात. मस्करीत टाकला, पहिल्यासारखा. नव्वद आला.”

मी खुर्चीत बसलो.

“इथले पिचिंगचे कोच म्हणतात, वरून टाक. दोन महिन्यांत ब्याण्णव होईल, वर पाठवतो. खालून टाकणाऱ्याला वर कोणी विचारत नाही म्हणतात.”

“कोपर कसं वाटतंय?”

“रात्री जरा ठणकलं,” तो म्हणाला.

नव्वद! मला तो जुना आवाज ऐकू येत होता. खोटं कशाला बोलू, मला तो परत हवा होता. मी म्हणालो, “बाईंना विचार.”

बाईंनी काय सांगितलं ते मी पुढच्या रविवारी खुद्द त्यांच्याकडूनच ऐकलं. त्या मला म्हणाल्या, “मी त्याला विचारलं, वरून टाकलास तेव्हा मजा आली का? म्हणाला, हो बाई, खूप. मी म्हटलं, येणारच. मलाही वाटतं अजून पंचविशीची व्हावं. मग विचारलं, बॅटर कोणता चेंडू जास्त चुकवतात? म्हणाला, खालचा. मग म्हटलं, तू तुझ्या मजेसाठी टाकतोयस की त्याला बाद करायला?”

“मग?”

“मग काय, फोन ठेवला त्याने. रागावला असेल. रागावू दे.”

एमेटने त्या कोचला नाही म्हणून सांगितलं. शिक्षा म्हणून म्हणा किंवा योगायोग म्हणा, त्याला एक पायरी खाली पाठवलं. तिथे तो अख्खा उन्हाळा राहिला, आणि त्या उन्हाळ्यात बाईंचा चढणारा चेंडू त्याला जमला. फोनवर त्याने मला नुसतं एवढंच सांगितलं, “आला.” मी विचारलं नाही काय आला.

पुढच्या सप्टेंबरात, दुपारी बाराच्या सुमारास, कोठारात मक्याचे ट्रक रांगेत लागलेले असताना माझा फोन वाजला. लेनर्डकाका होते. आयुष्यात पहिल्यांदा ते मला फोन करत होते.

“गस, त्याला वर बोलावलंय. मोठ्या संघात. उद्या सामना.” थोडं थांबून म्हणाले, “गाडी तू चालवशील का? मला शहरातलं वळणांचं कळत नाही.”

काकांच्या गाई शेजाऱ्याने सांभाळल्या. पंचवीस वर्षांत त्यांची धार पहिल्यांदा चुकली. आम्ही तिघं पहाटे निघालो, काका पुढे, बाई मागे कोलाच्यांचा डबा मांडीवर घेऊन. सात तास. वाटेत काका दोनच वाक्यं बोलले, त्यातलं एक आयोवाच्या मक्याबद्दल होतं.

ते मैदान मी टीव्हीवर शंभरदा पाहिलं होतं. पण जिना चढून वर आलो आणि समोर ती हिरवळ उघडली तेव्हा माझे पाय थांबले. मागचे लोक अंगावर आले. इतकं हिरवं काही असतं हे मला, मक्याच्या देशात जन्मलेल्याला, माहीत नव्हतं. चाळीस हजार माणसं. काकांनी टोपी काढून छातीशी धरली, चर्चमध्ये धरतात तशी, आणि मग कोणी पाहिलं नाही ना बघून परत घातली.

सातव्या डावात आमचा संघ एका धावेने पुढे होता. आमचा म्हणजे एमेटचा, सकाळपासून आमचा. तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही टप्प्यांवर, समोरच्यांचे खेळाडू, एक बाद. मॅनेजर बाहेर आला, पिचरच्या हातातून चेंडू घेतला. दूरचं दार उघडलं आणि खांदे जरा पुढे झुकलेला एक माणूस धावत यायला लागला. भल्या मोठ्या पडद्यावर त्याचं नाव आलं. व्ही, ओ, एन... काकांचे ओठ हलत होते, ते एकेक अक्षर वाचत होते.

“आत्ताच आणायचं होतं?” मी म्हणालो. “इतक्या अवघड वेळी?”

“अवघड वेळेलाच आणतात त्याला,” बाई म्हणाल्या. “सोप्या वेळी कशाला लागतो?”

एमेट वाकला. आजूबाजूला कुजबुज झाली. आमच्यापुढचा एक माणूस म्हणाला, “हे काय, हा बुटाची नाडी बांधतोय?” हात जमिनीलगत गेला, चेंडू निघाला आणि सरळ जाऊन बॅटरच्या बरगडीत बसला.

मोठ्या मैदानावरचा त्याचा पहिला चेंडू. नियमाप्रमाणे बॅटरला पहिला बेस बहाल झाला, सगळे एकेक बेस पुढे सरकले आणि एक जण चालत चालत घरी, म्हणजे बॅटरच्या जागी, पोचला आणि धाव झाली. बरोबरी. चाळीस हजार माणसांनी एकदम सुस्कारा सोडला. आणि त्या सगळ्या गोंगाटात मी एमेटचे ओठ पाहिले. तो बॅटरला सॉरी म्हणत होता.

काकांनी डोळे मिटले. बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “घाबरला होता. आता झालं घाबरून. बघा तुम्ही, लेनर्ड. डोळे उघडा.”

पुढचा बॅटर त्या संघाचा सर्वांत तगडा. त्याचं नाव सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पहिला चेंडू पायरी उतरणारा. त्याने जोरात मारला, चुकला. दुसरा तसाच, त्याने बॅट लावली, बाहेर गेला. बाहेर मारलेलाही चुकल्यातच धरतात, म्हणजे दोन स्ट्राइक. एमेटने चेंडू ग्लोव्हमध्ये फिरवला. बाई पुढे सरकल्या. डबा त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडला तरी त्यांना कळलं नाही.

“आता टाक,” त्या पुटपुटल्या. “आता टाक, बाळा.”

चेंडू मातीतून निघाला. बॅटरला तो कमरेखाली दिसला असणार, कारण बॅट तिथूनच आली. आणि चेंडू चढला. आमच्या जागेवरून, इतक्या लांबून, तो चढताना मला दिसला. खानावळीच्या मागच्या चौथऱ्यावर मी ज्याच्यासाठी ग्लोव्ह खाली धरला होता तोच चेंडू, इथे, जगातल्या सर्वांत चांगल्या बॅटरच्या बॅटवरून गेला. बॅटर मारलेल्या जोरानेच गरकन फिरला. बाद.

आपण काय पाहिलं हे लोकांना कळायला वेळ लागत होता. मग सगळं मैदान उभं राहिलं. आमच्या पुढचा माणूस मागे वळून, अनोळखी बाईंना म्हणाला, “तुम्ही पाहिलंत? वर गेला तो! चेंडू वर गेला!”

“हो,” बाई म्हणाल्या. “जातो तो.”

पुढच्याने पहिलाच चेंडू जमिनीवर मारला, तोही बाद झाला आणि तीन बाद होऊन डाव संपला. एमेट मान खाली घालून परत चालला, जणू गोठ्यातून घरी चाललाय. आमचा संघ पुढे नवव्या डावात जिंकला. कोणी जिंकवून दिला ते मला आठवत नाही.

सामन्यानंतर खेळाडूंच्या दारापाशी तो ओले केस घेऊन आला. काकांनी हात पुढे केला, त्याने हातात हात दिला, आणि मग दोघांनाही पुढे काय करायचं सुचेना, तसेच हात धरून उभे राहिले. बाईंनी विचारलं, “पहिला का मारलास त्या माणसाला?”

“घाबरलो होतो, बाई.”

“हं. तेवढं चालतं.” मग त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि इकडे तिकडे बघायला लागल्या. माझ्याकडेही बघेनात.

आमची गाडी कुठे लावली ते तिघांपैकी कोणालाच आठवेना. पाऊण तास आम्ही त्या सिमेंटच्या इमारतीत मजल्यामागून मजले फिरत होतो. चौथ्या मजल्यावर काका थांबले.

“गस, ते सगळे उभे राहिले होते ना? का मलाच वाटलं?”

“सगळे उभे राहिले होते, काका.”

“आपल्या एमेटसाठी?”

“आपल्या एमेटसाठी.”

ते मान हलवून पुढे चालायला लागले.

एमेट त्यानंतर पाच हंगाम मोठ्या मैदानावर खेळला. फार प्रसिद्ध झाला नाही. अवघड वेळी त्याला बोलवायचे, दोन-तीन बॅटर बाद करून तो परत जायचा. कोपर पुन्हा दुखलं नाही. बाई निवृत्त झाल्या, पण प्रत्येक सामना त्यांनी रेडिओवर ऐकला. चित्रात चेंडू सपाट दिसतो म्हणून टीव्ही त्यांना आवडत नसे. मी अजून कोठारातच आहे. हंगामात शेतकरी ट्रक उभे करून ऑफिसात येतात, आणि कोणीतरी हमखास विचारतं, तू झेलायचास ना रे त्याचे, कसा यायचा चेंडू? मी हात जमिनीलगत नेऊन दाखवायचा प्रयत्न करतो. ते ऐकून घेतात, मान डोलावतात, पण मला कळतं की मी त्यांना काही दाखवू शकलो नाही.